भाताच्या लोंब्या वाकल्या की : शरद ऋतू मन लावून जगण्याची पद्धत

बेळगावकरांच्या बोलण्यात पाऊस असतो, थंडी असते. मधले दोन महिने, आश्विन आणि कार्तिक, मात्र साफसफाई, खरेदी आणि फराळाच्या गडबडीत कधी सरतात ते कळत नाही. खरं तर वर्षभर ज्याची वाट पाहिली ते सगळं याच दोन महिन्यांत हाताशी येतं. भात पिकतं, भुईमूग उपटला जातो, रताळी बाजारात येतात, विहिरी काठोकाठ असतात, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सणही ओळीने येतात. एवढं सगळं दारात असताना आपण थकलेले आणि वैतागलेले असतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

शरदाचे हे दिवस समाधानात घालवायचे तर काय करावं, कोणत्या क्रमाने करावं, हे इथे लिहिलं आहे. माझं सांगणं एकच आहे. एखाद्या गोष्टीने बरं वाटलं आणि ते मनातल्या मनात ठेवलं, की दोन दिवसांत विरून जातं. ज्याच्यामुळे बरं वाटलं त्याच्यापर्यंत ते पोचवलं, की टिकतं, आणि दोघांकडे टिकतं. त्यामुळे पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत आधी काही पाहायचं आहे आणि मग कुणाला तरी काही सांगायचं किंवा द्यायचं आहे.

तयारी फारशी नाही. एक साधी वही, पोस्टातून आणलेली चार-पाच पोस्टकार्डं, आणि घरातून बाहेर पडायला पंधरा मिनिटं.

आधी ऋतू आला हे ओळखा

तारखेवर विसंबू नका, कारण सण दरवर्षी पुढेमागे सरकतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. अशा वर्षी दसऱ्याला खानापूर भागातलं भात कापणीला टेकलेलं असतं. दसरा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला, तर बऱ्याच शेतांत लोंब्या अजून दुधात असतात. सण तोच, पण शिवार वेगळं. म्हणून खुणा पाहायच्या.

पहिली खूण ढगांची. पावसाळाभर ढग जांबोटी-कणकुंबीच्या बाजूने, पश्चिमेकडून येतात आणि दिवसचे दिवस रिपरिप लावतात. हस्त नक्षत्र लागलं की चित्र पालटतं. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली, आणि चारच्या सुमाराला पूर्वेकडून ढग उठून गडगडाटासह तासाभराची सर. हा परतीचा पाऊस. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो आपला निरोप घेतो. मग स्वातीची एखादी सर आली तर जुनी माणसं ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ म्हणतात. कापून टाकलेल्या भातावर तीच सर पडली तर मात्र शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, हेही लक्षात असू द्या.

दुसरी खूण उजेडाची. जूनमध्ये बेळगावात सूर्य सातनंतर मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तो सव्वासहाच्या आत गेलेला असतो. संध्याकाळचं ऊन तिरकं आणि पिवळसर पडतं, भिंतीवर सावल्या लांबतात. रोज एकाच खिडकीतून पाहिलं तर आठवड्याभरात हा फरक कळतो.

तिसरी खूण तुमच्या गावाची असावी. हा जिल्हा एवढा लांबरुंद आहे की एकीकडे कणकुंबीला धो धो पाऊस, तर अथणीकडची जमीन पावसाच्या आशेवर. खानापूर-जांबोटीच्या वाटेवर माळावर पिवळी सोनकी फुललेली दिसेल. निपाणीच्या काळ्या रानात तंबाखूची पानं रुंदावलेली असतील. चिकोडी-हुक्केरीकडे उसाला तुरे फुटू लागतील, अथणीच्या बाजूला शाळूची पेरणी सुरू होईल. यातली जी खूण तुमच्या रोजच्या वाटेवर आहे ती धरा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा.

पायरी १ : सकाळची पंधरा मिनिटं

दिवस उगवताना बाहेर पडा. शहरात असाल तर किल्ल्याचा तलाव, टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान, किंवा आपलीच गल्ली. वडगाव-येळ्ळूरच्या बाजूला असाल तर भाताच्या बांधावरून. नवरात्रात तर सकाळ शोधायला कुठे जावं लागत नाही. पहाटे दुर्गामाता दौडीच्या वाटेवर गल्लोगल्ली सडा पडतो, रांगोळ्या निघतात, दारात फुलांचं ताट घेऊन बायका उभ्या असतात. त्या वेळी घराबाहेर येऊन दहा मिनिटं उभं राहिलं तरी दिवस वेगळा जातो.

नियम दोनच. मोबाइल घरी. आणि रोज एकच गोष्ट जवळून पाहायची. तलावाच्या काठावर शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा राखाडी-पिवळा धोबी पक्षी दिसला तर थांबा. हिमालयाच्या बाजूने हा पाहुणा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातो. गवतावरच्या कोळ्याच्या जाळ्याला दव लटकलेलं असेल तर वाकून पाहा, प्रत्येक थेंबात सकाळ उलटी दिसते.

अशा फिरण्याचा अभ्यासही झाला आहे. २०२० साली व्हर्जिनिया स्टर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्कर माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. काहींना एवढंच जादा सांगितलं की चालताना अचंबा वाटेल अशा गोष्टींकडे लक्ष द्या. त्यांच्यात आनंदाची आणि आपुलकीची भावना नुसतं चालणाऱ्यांपेक्षा वाढलेली आढळली. चालणं दोघांचं तेच होतं, फरक नजरेचा होता.

परत येताना कुणाला तरी सांगा. ‘अक्का, तुमच्या पारिजातकाचा सडा अगदी रस्त्यापर्यंत आलाय,’ एवढं पुरे. फुलझाड लावणाऱ्याला त्याच्या झाडाबद्दल कुणी येऊन बोलत नाही, सगळे परडी घेऊन येतात.

पायरी २ : ताटातली एक वस्तू उगमापर्यंत न्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून सविस्तर सांगते. या दिवसांत ताटात येणारी एक वस्तू निवडायची आणि ती आपल्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आली ते शोधून काढायचं. भुईमुगाच्या शेंगा चालतील, गूळ चालेल. मी रताळं घ्यायला सांगेन, कारण बेळगावच्या नवरात्राचं ते खरं फळ आहे.

उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णी या पश्चिमेकडच्या पट्ट्यात आणि खानापूरच्या काही भागात तांबडी माती आहे. तिथे पावसाच्या सुरुवातीला रताळ्याचे वेल लावतात. बी पेरायचं नसतं, वेलाचे वीतभर-दोन वीत तुकडे बोदावर, म्हणजे मातीच्या उंच वरंब्यावर, रोवायचे असतात, तेही चिखलात वाकून, पाठीवर पाऊस घेत. वेल पसरला की तण काढायचं, रानडुकरांपासून राखायचं. नवरात्राच्या तोंडाला काढणी सुरू होते. वेल कापून बाजूला केला की कुदळ बेताने चालवावी लागते, घाव बसला तर ते रताळं विकायच्या लायकीचं राहत नाही. मग बायका माती झाडून लहान-मोठी निवडतात, पोती भरतात, आणि ती बेळगावच्या मार्केट यार्डात जातात. उपवासामुळे या दिवसांत मागणी मोठी, इथली रताळी परराज्यांत रवाना होतात. आपण बाजारात किलोला दहा रुपये कमी कर म्हणून घासाघीस करतो तेव्हा यातलं काहीच डोळ्यांपुढे नसतं.

आता करायचं काय? एका रविवारी आठवडी बाजारात किंवा गावाच्या रस्त्यावर पोतं मांडून बसलेल्या बाईकडून दोन किलो घ्या. भाव पाडू नका. तिला विचारा, कुठल्या शिवारातली, कधी लावली, यंदा कशी उतरली. ती सांगेल, कारण गिऱ्हाइकाने असं विचारलेलं तिला क्वचितच ऐकायला मिळतं. आमच्याकडे ‘काय करूलालीस गं मावशी, जेवलीस काय?’ एवढ्याने बोलणं सुरू होतं.

घरी आल्यावर ती लगेच उकडू नका. ताजी काढलेली रताळी थोडी पिठूळ लागतात. टोपलीत, हवेशीर सावलीत आठवडाभर ठेवली की त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते. फ्रिजमध्ये मात्र ठेवायची नाहीत, थंडीने ती आतून कडक आणि बेचव होतात. आणि भाजताना घाई नको. मंद आचेवर हळूहळू गरम होताना रताळ्यातलं पिठूळपण गोडीत बदलतं, कुकरच्या दोन शिट्ट्यांत त्याला तेवढा वेळच मिळत नाही. चूल असेल तर जेवणं झाल्यावर निखारे बाजूला सारून गरम राखेत पुरा, मध्यम आकाराची अर्ध्या-पाऊण तासात होतात. गॅसवर जाड बुडाची लोखंडी कढई, आत धुऊन कोरडी केलेली रताळी सालासकट, वर झाकण, आच अगदी बारीक. दर सात-आठ मिनिटांनी उलटी करा. सालीला सुरकुत्या पडून फटीतून चिकट, मधासारखा पाक बाहेर आला आणि कढईला लागून करपल्यासारखा वास सुटला, की झाली. मधोमध मोडा, वाफ जाऊ द्या, वर तुपाचा थेंब. पहिला घास घेताना कुणी बोलू नये, एवढी शिस्त घरात लावाच.

मग पोचवणं. पुढच्या बाजाराला त्याच बाईला सांगा, ‘मावशी, मागच्या वेळची रताळी घरात सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली.’ जमलं तर दोन भाजलेली घेऊन जा. पिकवणाऱ्याला आपल्या मालाची चव दुसऱ्याच्या तोंडून क्वचितच कळते. त्याला कळतो तो फक्त भाव.

पायरी ३ : वही, पण रोज नाही

रोज रात्री उपकारांची यादी लिहा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो मला पटत नाही. चौथ्या दिवशी माणूस ‘आरोग्य, घर, कुटुंब’ असं ठराविक लिहू लागतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या प्रसिद्ध अभ्यासाच्या एका भागात लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, कृतज्ञ वाटलेल्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. त्रासांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा ही माणसं आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाली. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या पाहणीतही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा झाला नाही. सवय झाली की धार जाते.

तेव्हा एक वार ठरवा. रविवारी संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर बरं. तीन नोंदी पुरेत, पण प्रत्येक नोंदीत माणसाचं नाव किंवा ओळख, जागा आणि एक बारकावा हवा. ‘बस वेळेवर मिळाली’ असं लिहू नका. ‘खानापूर बसच्या कंडक्टरने मला धावताना पाहून घंटी मारायला उशीर केला’ असं लिहा. पहिल्या वाक्यात उपकार कुणाचे ते कळत नाही, म्हणून ते फेडताही येत नाहीत.

महिन्यातून एका नोंदीचं पोस्टकार्ड करा. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचे आभार कधी नीट मानले गेले नाहीत अशा माणसाला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. ज्यांनी ते केलं त्यांचा आनंद लगेच बराच वाढला आणि त्याचा परिणाम महिनाभर टिकला. महिन्यानंतर ओसरला, म्हणूनच महिन्याला एक. तुमचे शाळेतले गुरुजी, आजारपणात रात्री दार उघडणारे औषध दुकानदार, बाळंतपणात मदतीला आलेली शेजारीण. यादी करायला बसलात की पोस्टकार्डं कमी पडतील.

पायरी ४ : दसरा

आपट्याची पानं वाटताना आपण गठ्ठे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी ती गटारीत दिसतात. झाड ओरबाडून घेतलेल्या सोन्यात कसला आनंद? पानं मोजकी घ्या. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पानं विकतात. दोन्ही जोडपानं दिसतात, पण आपट्याचं पान लहान, जाडसर आणि रुंदीला जास्त असतं. दारात आपटा असेल तर एका घराला एक पान पुरे. शेत असेल तर पानासोबत भाताची लोंबी द्या.

कुणाकडे जायचं हे आधी ठरवा. तीन घरं निवडावीत : एक वडीलधाऱ्यांचं, एक ज्यांच्याशी वर्षभर बोलणं कमी झालंय त्यांचं, आणि एक कानडी शेजाऱ्यांचं. आपण ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणतो. ते शमीची पानं हातात ठेवून ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण’ म्हणतात. ते वाक्य शिकून घ्या आणि त्यांच्या दारात म्हणा. या ऋतूतच १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा दिवसही येतो आणि इथल्या मराठी माणसाचं मन त्या दिवशी जड होतं. सीमाप्रश्न आपल्या जागी आहे, त्याबद्दल ज्याला जे वाटतं ते त्याने जरूर बाळगावं. पण रात्री-अपरात्री दवाखान्यात जायला रिक्षा काढली ती शेजारच्या अण्णांनी, आणि त्यांच्या मुलीला मराठी अभ्यासात मदत केली ती आपल्या आईने. ही देवाणघेवाण खरी आहे आणि दसऱ्याला ती तोंडाने बोलून दाखवायला जागा मिळते.

पायरी ५ : कोजागरी

सहा-आठ माणसांना पुरेल असं दूध करायचं तर म्हशीचं दीड लिटर दूध जाड भांड्यात मंद आचेवर पाऊणपट होईपर्यंत आटवा. साखर सहा-सात चमचे, चवीप्रमाणे. बारा-पंधरा बदाम आणि तेवढेच पिस्ते जाडसर कुटून, चमचाभर चारोळी, पाच वेलदोडे, जायफळ अगदी चिमूटभर, आणि कोमट दुधात भिजवलेल्या केशराच्या आठ-दहा काड्या. दूध गरम असताना गच्चीवर न्या आणि चंद्राचं प्रतिबिंब त्यात पाहा. रात्रभर उघडं ठेवू नका.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारालाच पूर्वेला उगवतो, तेव्हा जेवणं उरकून नऊला गच्चीवर जाण्याऐवजी सहालाच जा. क्षितिजावर मोठा, तांबूस चंद्र पाहायला मिळेल. या रात्री तो अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याचं नाव आश्विन. पुढच्या पौर्णिमेला तो कृत्तिकांपाशी पोचलेला असेल. मुलांना हे दाखवायचं तर मधल्या काळात, चंद्र नसलेल्या रात्री, आठ-नऊच्या सुमाराला पूर्वेला कृत्तिकांचा तो लहानसा पुंजका शोधून ठेवा. सहा तारे डोळ्यांना दिसले तर नजर चांगली. गावात दिव्यांचा झगमगाट असेल तर राजहंसगडाच्या पायथ्याच्या बाजूला किंवा शेतात जा.

हीच पौर्णिमा आपल्या कानडी शेतकऱ्यांची शीगी हुण्णिमे. ते उभ्या पिकाची पूजा करतात, घरचं रांधलेलं एकत्र कालवून शेतभर भूमातेला उधळतात, त्याला चरग म्हणतात, आणि मग बांधावर पंगत बसते. कुणाचं आमंत्रण आलं तर कामाची सबब सांगू नका. जाताना काही घेऊन जा आणि पंगत उठल्यावर पत्रावळी उचलायला हात लावा.

एक खबरदारी. शरदात दिवसा ऊन कडक आणि पहाटे गारवा, त्यामुळे पित्त खवळतं, सर्दी-ताप पसरतो. ‘वैद्यानां शारदी माता’, म्हणजे शरद वैद्यांची आई, असं जुन्या लोकांनी उगीच म्हटलेलं नाही. जागरण एक रात्र करा, ओळीने चार नको. दुपारच्या उन्हात डोक्यावर टोपी किंवा पदर हवा, आणि तळकट खाणं दिवाळीसाठी राखून ठेवा.

पायरी ६ : दिवाळी

दिवाळीवर लिहिणाऱ्यांची कमी नाही, त्यामुळे तीनच गोष्टी सांगते.

मुलांना किल्ला करू द्या, आणि तुम्ही चिखलात हात घाला. तयार प्लास्टिकचा किल्ला आणू नका. माती चाळायची, दगड-विटांचा सांगाडा, वर पोतं, त्यावर माती आणि शेण कालवून लेप. अळीव किंवा मोहरी चार-पाच दिवस आधी पेरली की हिरवळ दिवाळीला तयार. राजगड करायचा की रायगड, यावर गल्लीत वाद होईल, तोही होऊ द्या. गल्लीतल्या ज्या आजोबांनी कधी खरे गड चढलेत त्यांना बुरुज कुठे हवा ते विचारायला मुलांना पाठवा. आजोबा त्या दिवशी संध्याकाळचं औषध विसरतील, एवढे रमतील. ते आठवण करून देणं तुमचं काम.

दुसरं, फराळ फक्त फराळ करणाऱ्या घरांत फिरवू नका. आपल्याकडून त्यांना चकली, त्यांच्याकडून आपल्याला चकली, असं होतं. पहिले डबे घंटागाडीवरच्या कामगारांना, पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाला, पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हमनला, दूधवाल्यांना. डबा देताना उभ्या उभ्या देऊ नका. नाव विचारा, घरी कोण कोण आहे विचारा, आणि ज्याची मजुरी किंवा बिल थकलं असेल ते दिवाळीआधी चुकतं करा. फराळापेक्षा ते आधी.

तिसरं, पाडव्याच्या दिवशी गवळी गल्लीकडे, कॅम्पात किंवा चव्हाट गल्लीत जा. शिंगं रंगवलेल्या, गळ्यात घुंगुरमाळा घातलेल्या म्हशी मालकांच्या गाडीमागे पळताना पाहा. म्हशींवरची काजळकाळी चकाकी आदल्या दिवशी तासन्‌तास घासून, तेल चोळून आलेली असते. आपल्या घरातला कुंदा, खवा आणि चहातलं दूध याच गोठ्यांच्या जिवावर आहे. ‘मामा, म्हैस काय तयार केलाय!’ असं मालकाला सांगितलंत की ते तिचं नाव, वय, दूध सगळं सांगत बसतील.

पायरी ७ : नवा तांदूळ

दिवाळीच्या आसपास आणि नंतर शिवारात सुगी असते. कापणी, मळणी, वारं देणं, खळ्यावर रास. आता मळणीयंत्रं आली आहेत, तरी माणसांची गरज संपलेली नाही. शहरात राहणाऱ्यांनी वर्षातून एक दिवस तरी नातेवाइकांच्या किंवा ओळखीच्या शेतात जाऊन पेंढ्या उचलाव्यात. अंगभर कूस टोचतो, रात्री पाठ धरते. ताटात भात टाकून उठायची सवय त्यानंतर राहत नाही.

नवा तांदूळ शिजवताना पाणी कमी लागतं. जुन्याला वाटीला दोन वाट्या घालत असाल तर नव्याला दीडच्या आसपास घाला, नाहीतर गिचका होतो. त्याचा मोकळा पुलाव करायला जाऊ नका. मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट, किंवा गुळाची खीर, यातच त्याची चव आहे. वडगाव-येळ्ळूरच्या बाजूची बासमती मिळाली तर थोडी वेगळी ठेवा. ती शिजताना सुटलेला वास उंबऱ्याबाहेर जातो.

पहिली वाटी देवापुढे ठेवा. दुसरी मोलकरीण किंवा मजूर म्हणून ज्यांचे हात आपल्याला लागतात त्यांच्या घरी जाऊ द्या, आपल्या घरातलं कुणी जेवायच्या आधी.

मन लागत नसेल तर

घरात माणूस गेलं असेल आणि पहिलीच दिवाळी असेल, नोकरी सुटली असेल, कापलेलं भात परतीच्या पावसात भिजून मोड आलं असेल, तर वरचं काहीही ओढून-ताणून करू नका. अशा वेळी कुणी ‘जे आहे त्यात समाधान मान’ म्हणालं तर ते जखमेवर मीठ वाटतं. फक्त सकाळची पंधरा मिनिटं ठेवा, तीही नुसतं चालायला. बाकी पायऱ्या त्या वर्षी दुसऱ्यांनी तुमच्यासाठी कराव्यात.

आणि शेजारी असं घर असेल तर तुमची पाळी आहे. त्यांच्याकडे फराळ तळला जाणार नाही, तेव्हा जेवणाचा डबा न्या. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. ‘काकांनी आमच्या नळाची तोटी किती वेळा बसवून दिली’ असं काही सांगा. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, अशी भाषा कुणाच्या तोंडी आठवडेच्या आठवडे राहिली, तर डॉक्टरांकडे सोबत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

कार्तिकात उरलेली कामं

कोजागरीनंतर गावोगावी पहाटे काकड आरती सुरू होते आणि कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालते. देवळात नियमाने जात नसाल तरी एक पहाट जा. गारठ्यात अंगावर शाल, टाळांचा आवाज, आणि शेवटी हातावर पडणारं गरम प्रसादाचं दूध किंवा खिचडी. ती खिचडी करणाऱ्या बायका तीनला उठलेल्या असतात. आत जाऊन भांडी घासायला हात द्या, प्रसाद चांगला झालाय हे त्यांच्यासमोर बोला.

तुळशीच्या लग्नापर्यंत वहीतल्या सगळ्या नोंदी एकदा वाचा. ज्या नावांपर्यंत तुमचं म्हणणं अजून पोचलेलं नाही त्यांना खूण करा. लग्नाला ऊस, चिंचा, आवळे आणायला बाहेर पडाल तेव्हा त्यातल्या दोघांना तरी घरी बोलवा. बाकीच्यांना पोस्टकार्ड.

आणि झेंडूची फुलं सगळी निर्माल्यात टाकू नका. दसऱ्याच्या तोरणातली गावठी झेंडूची चार-सहा टपोरी फुलं देठासकट सावलीत वाळवा. संकरित झेंडूचं बी पुढच्या वर्षी तसंच फूल देईल याचा भरवसा नसतो, म्हणून गावठीच निवडा. फूल कडकडीत वाळलं की पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या, सुईसारख्या लांबट बिया मिळतात. पोकळ असतील त्या फुंकून टाका. कागदी पाकिटात भरून वर वर्ष आणि ज्यांच्या दारातली फुलं होती त्यांचं नाव लिहा. निम्म्या बिया त्याच घरी परत द्या आणि निम्म्या आपल्याकडे ठेवा. मृगाचा पाऊस स्थिरावला की वाफ्यात टाका, तीन-चार आठवड्यांत रोपं हलवण्याजोगी होतात.